घेतलेले नाव आणि ठेवलेले नाव
विक्का पंथ आणि चेटूक यांच्या संबंधाविषयी एक व्याख्यान



विक्का या पाश्चात्त्य पंथाचा चेटकाशी काय संबंध आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. विषय इंग्लंडातला असला तरी त्याचा आरंभ आमेरच्या गडावरून करणे सोयीचे आहे. कारण ज्या एका इंग्रजी शब्दाभोवती हा सारा घोळ झालेला आहे, त्या शब्दात कोंबलेल्या निरनिराळ्या गोष्टी आमेरच्या परिसरात वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या जागी पाहावयास मिळतात.

आमेर ही कछवाहा राजांची जुनी राजधानी. १७२७ साली सवाई जयसिंहाने जयपूर वसविले, तोपर्यंत या घराण्याचा कारभार याच डोंगरी किल्ल्यातून चालत असे. राजवाड्याच्या जलेब चौकातून पायऱ्या चढून गेले की शिलादेवीचे मंदिर लागते. अकबराचा सेनापती राजा मानसिंह याने बंगालच्या मोहिमेतून ही देवी आमेरास आणली आणि तिच्या पूजेसाठी बंगाली पुजारीही आणले. मूर्ती महिषासुरमर्दिनीची आहे. देवीपुढे बोकडाचा बळी देण्याची चाल येथे दीर्घकाळ होती. ती पुढे बंद झाली. देवीला पूर्वी नरबळी मिळत असे, राजाने तो थांबवून पशूचा बळी सुरू केला, तेव्हा देवीने रागाने मान फिरविली, अशी दंतकथा आजही सांगितली जाते. ती खरी मानण्याचे कारण नाही. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रक्ताची, मंत्राची आणि भयाची ही उपासना राजवाड्याच्या दारात, सन्मानाने नांदली. तिला कोणी चेटूक म्हटले नाही. राजाश्रय लाभलेल्या गूढ शक्तीला आपल्याकडे साधना म्हणतात.

दुसरे स्थळ आमेरच्या ईशान्येस, अलवर जिल्ह्यात आहे. ते म्हणजे भानगढ. (मराठी श्रोत्याने या नावातील श्लेषाला हसून घ्यावे आणि पुढे यावे.) आमेरच्या राजा भगवंतदासाने सोळाव्या शतकात हे गाव वसविले आणि मानसिंहाचा भाऊ माधोसिंह याने तेथे राज्य केले. आज ते ओसाड आहे. सूर्यास्तानंतर आत जाण्यास मनाई करणारा पुरातत्त्व खात्याचा फलक तेथे उभा आहे आणि त्या फलकानेच गावाची भुताटकीची कीर्ती वाढविली आहे. लोककथा सांगते की, सिंघिया नावाचा एक तांत्रिक राजकन्या रत्नावतीवर लुब्ध झाला. त्याने तिच्यासाठी नेल्या जाणाऱ्या सुगंधी द्रव्यावर मंत्र घातला. तिने ते ओळखून शिळेवर ओतले. शिळा गडगडत जाऊन तांत्रिकावर कोसळली आणि मरता मरता त्याने नगरीला शाप दिला. कथेतला मांत्रिक दुष्ट आहे, पण तो विद्वान आहे. त्याची विद्या खरी मानली जाते, त्याच्या शापाने शहर उजाड होते. तो पुरुष आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता तिसरी गोष्ट. आमेरपासून अरवलीच्या रांगेने दक्षिणेकडे मेवाडात उतरले की ‘डाकण’ हा शब्द कानी येतो. उदयपूर, राजसमंद, चित्तोडगड, भीलवाडा या जिल्ह्यांतील खेड्यांत हा शब्द कथेतला नाही, व्यवहारातला आहे. कोणाचे मूल दगावते, कोणाची म्हैस आटते, कोणाचा ताप उतरत नाही. घरचे लोक भोप्याकडे जातात. भोपा धान्याचे दाणे पाहतो, अंगात आणतो आणि दिशा सांगतो. कधी नाव सांगतो, कधी ऐकणाऱ्याच्या मनात असलेले नाव त्याच्याच तोंडून वदवून घेतो. ते नाव बहुधा एखाद्या विधवेचे, निपुत्रिकेचे किंवा एकट्या राहणाऱ्या बाईचे असते. आणि पुष्कळदा तिच्या नावावर भाऊबंदांना हवासा असलेला जमिनीचा तुकडाही असतो. मग मारहाण, डागणे, गावाबाहेर काढणे आणि कधी हत्या. या सर्व प्रकरणात त्या बाईने काय केले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तिला कोणता मंत्र येतो, तिने तो कोणाकडून घेतला, याची चौकशी होत नाही. डाकण हे तिच्या कृतीचे नाव नसून तिच्याविषयीच्या इतरांच्या समजुतीचे नाव आहे.

या प्रथेवर पहिली सरकारी बंदी मेवाडात १८५३ साली आली. महाराणा स्वरूपसिंहाच्या कारकिर्दीत, मेवाड भील पलटणीचा अधिकारी ब्रुक याच्या पुढाकाराने, खेरवाडा येथे ही प्रथा बेकायदा ठरविण्यात आली. हुकूम निघाला, पण भिल्लांच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळाच झाला. डाकण हे त्यांच्या लेखी खरोखरीचे संकट होते. सरकारने संकट निवारण्याचा त्यांचा मार्ग तेवढा बंद केला आणि संकट तसेच ठेवले. १८८१ साली मेवाडात भिल्लांचा जो उठाव झाला, त्याच्या कारणांमध्ये या बंदीचाही उल्लेख इतिहासकार करतात. रोगावर औषध नाही, दवाखाना नाही, आणि रोग आणणारीला हात लावावयाचा नाही, अशी ती अवस्था होती. तिचे समर्थन करावयाचे नाही. परंतु नुसत्या मनाईने समजूत जात नाही, हे त्यातून ध्यानी येते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांत ‘डाकीण’ हाच शब्द आहे. ठाणे-पालघरच्या वारली वस्त्यांत तिला ‘भुताळी’ म्हणतात आणि तिला शोधून काढणाऱ्याला ‘भगत’. डांगच्या जंगलातील भिल्लांमध्ये या प्रथेने स्त्रियांवर कशी हिंसा ओढवली, याचा अभ्यास इतिहासकार अजय स्कारिया यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. शहरी मराठी माणसाची चेटकीण मात्र निराळी. ती रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण आहे. तिला पाहून मुले घाबरतात आणि लगेच हसतात. नाटकातली चेटकीण आणि पाड्यावरची डाकीण यांच्यामध्ये किती अंतर आहे, याची जाणीव नसणे हेच अनेक गैरसमजांचे मूळ आहे.

डाकीण हा शब्द मुळात इतका हीन नव्हता. संस्कृतातील ‘डाकिनी’ ही देवीच्या परिवारातली, भयानक खरी, पण पूज्य. वज्रयान बौद्धांनी तर तिला साधकाला ज्ञान देणारी मानले आणि तिबेटात ती आकाशगामिनी झाली. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात भीमाशंकराचे स्थान याच नावाने सांगितलेले आहे. ओरिसातील हिरापूर आणि जबलपूरजवळील भेडाघाट येथील चौसष्ट योगिनींची मंदिरे पाहिली की एके काळी या स्त्रीरूप शक्तींचा केवढा दबदबा होता, हे कळून येते. देवळातली डाकिनी देवता राहिली आणि गावातली डाकीण गुन्हेगार झाली. शब्द एकच, पण एकीला शेंदूर मिळाला आणि दुसरीला दगड.

एवढी पूर्वपीठिका ध्यानात घेऊन आता युरोपकडे वळावयाचे. तेथेही असेच दोन प्रवाह आहेत, फक्त त्यांचा क्रम उलटा आहे: प्रथम छळ आणि पुष्कळ काळाने उपासना.

पंधराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात चेटकाच्या आरोपावरून माणसांना देहान्त शिक्षा दिल्या गेल्या. आधुनिक इतिहासकारांचा अंदाज चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान आहे. लोकप्रिय पुस्तकांत नव्वद लाखांचा जो आकडा फिरतो त्याला आधार नाही. मेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, जरी आइसलँडसारख्या देशात आरोपी बहुतेक पुरुष होते. इंग्लंडात त्यांना जाळीत नसत, फाशी देत. येथे आरोपाला एक जोड मिळाली होती, ती भारतात नाही: ही बाई सैतानाशी करार करते, ख्रिस्ताचा त्याग करते, असे धर्मपीठाचे आणि न्यायालयाचे म्हणणे होते. मेवाडच्या भोप्यापाशी असा धर्मशास्त्रीय ग्रंथ नव्हता. बाकी मूल दगावणे, गाय आटणे, शेजाऱ्यांचे वैर आणि एकटी म्हातारी, ही सामग्री तीच.

१७३५ साली ब्रिटिश संसदेने जुने कायदे रद्द करून नवा कायदा केला. त्याने चेटूक हा गुन्हा मानला नाही. आपल्याला चेटूक येते असे भासविणे हा गुन्हा मानला. सुशिक्षितांच्या दृष्टीने चेटकीण आता धोकादायक राहिली नव्हती, ती भोंदू ठरली होती. हा कायदा १९५१ सालापर्यंत पुस्तकात राहिला.

मध्यंतरी एका विदुषीने वेगळाच सिद्धान्त मांडला. मार्गारेट मरे यांचा जन्म १८६३ साली कलकत्त्यात झाला. पुढे त्या लंडनमध्ये मिसरविद्येच्या अभ्यासक म्हणून नावारूपाला आल्या. १९२१ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, ज्यांना चेटकिणी म्हणून मारले त्या स्त्रिया वस्तुतः ख्रिस्तपूर्व काळातील एका प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या. हा धर्म चोरून जिवंत राहिला होता. सिद्धान्त मोहक होता. पुढे इतिहासकारांनी मूळ कागदपत्रे तपासली तेव्हा तो टिकला नाही; छळाखाली घेतलेल्या कबुलीजबाबांतून सोयीचे तेवढे उचलले गेले होते. परंतु तोपर्यंत त्याने आपले काम केले होते.

ते काम पुढे नेणारा गृहस्थ म्हणजे जेराल्ड गार्डनर. हा मनुष्य कोणत्याही विद्यापीठाचा नव्हता. १८८४ साली जन्मलेला हा इंग्रज तरुणपणी सिलोनच्या चहामळ्यात गेला, नंतर बोर्निओ आणि मलायात राहिला, तेथे जकात खात्यात नोकरी केली आणि मलायी कट्यारींवर एक पुस्तकही लिहिले. १९३६ मध्ये निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. १९३९ साली न्यू फॉरेस्ट या भागातील एका गुप्त मंडळात आपल्याला दीक्षा मिळाली, आणि ते मंडळ मरे यांनी वर्णिलेल्या प्राचीन धर्माचा शेष होते, असे त्याने पुढे सांगितले. १७३५ चा कायदा रद्द झाल्यावर तो उघडपणे बोलू लागला आणि १९५४ साली त्याचे आजच्या चेटकाविषयीचे पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना मार्गारेट मरे यांचीच होती. ज्या कलकत्त्याच्या कन्येने सिद्धान्त मांडला तिनेच त्याच्या अवताराला आशीर्वाद दिला, असे हे वर्तुळ आहे.

विक्का पंथ तो हा. जुन्या इंग्रजीत ‘विच्चा’ असा उच्चार असलेला, चेटूक करणाऱ्या पुरुषाचा वाचक शब्द होता. त्याच लिपीतून नवा उच्चार घेऊन पंथाचे नाव आले. पंथाचे स्वरूप थोडक्यात सांगता येते. देव आणि देवी अशा युग्माची उपासना. त्यातही चंद्राशी निगडित देवीला मान अधिक. वर्षातून आठ सण, जे अयन, संपात आणि त्यांच्या मधल्या दिवसांवर येतात. पौर्णिमेच्या बैठका. लहान मंडळे, दीक्षेच्या तीन पायऱ्या, वर्तुळ आखून पूजा, काळ्या मुठीची सुरी. (कट्यारींच्या अभ्यासकाच्या पंथात सुरी नसती तरच नवल.) कोणाला इजा न होईल असे वागावे हा मुख्य आचारधर्म, आणि केलेले कर्म तिप्पट होऊन परत येते ही समजूत. मंत्रप्रयोगही आहेत, परंतु ते बहुधा आरोग्य आणि मनःशांती यांसाठी. सैतानाचा येथे काहीच संबंध नाही; सैतान ही ख्रिस्ती कल्पना असून विक्कापंथीय ती मानीतच नाहीत.

या पूजेतील वचने १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंट यांनी मोठ्या प्रमाणात नव्याने रचली. त्यांच्या ध्यानात आले होते की, गार्डनरने ‘प्राचीन’ म्हणून दिलेल्या संहितेत अॅलिस्टर क्रौली या अलीकडच्या गूढवाद्याचा मजकूर बराच आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली या सर्व धाग्यांचा पट उलगडून दाखविला: फ्रीमेसनांचे विधी, एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक कवींची निसर्गदेवी, लोकसाहित्याच्या अभ्यासकांची अनुमाने. पंथ विसाव्या शतकात जन्मला, असा त्याचा निष्कर्ष आहे आणि आज कित्येक विक्कापंथीय तो मान्य करतात. धर्म नवा असल्याने खोटा ठरत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. अमेरिकेत १९८६ साली अपील न्यायालयाने विक्का हा धर्म आहे असे मानले. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे तेरा हजार लोकांनी स्वतःचा धर्म विक्का असा लिहिला.

एक धागा भारताकडेही येतो. गार्डनरच्या मंडळात पूजा विवस्त्र होत असे आणि तिला ‘स्कायक्लॅड’ म्हणत, म्हणजे आकाश पांघरलेला. हा ‘दिगंबर’ या शब्दाचा अनुवाद असावा, असे सुचविण्यात आले आहे. जयपूरजवळच्या सांगानेरात दिगंबर जैनांचे प्रसिद्ध मंदिर आहे. तेथल्या भाविकाला आपल्या परंपरेतील वैराग्याचा शब्द हॅम्पशरच्या जंगलात जाऊन कोणत्या कामी आला, हे ऐकून काय वाटेल ते सांगणे कठीण.

तेव्हा विक्काचा चेटकाशी संबंध काय? रक्ताचा नाही, नावाचा आहे. ज्या नावाने लोकांना मारले ते नाव काहींनी स्वेच्छेने धारण केले, त्याला मान दिला. मराठीत ‘नाव घेणे’ आणि ‘नाव ठेवणे’ यांच्यात जो फरक आहे तोच येथे आहे. विक्कापंथीय स्त्री चेटकीण हे नाव घेते. डाकणीला ते नाव ठेवले जाते. पहिली म्हणते, मी आहे. दुसरी जिवाच्या आकांताने म्हणते, मी नाही.

भारतात पहिले वाक्य उच्चारणाऱ्या सर्वांत परिचित व्यक्ती म्हणजे कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती. २००० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. डायन ठरविल्या गेलेल्या खेड्यांतील बायकांची बाजूही त्यांनी जाहीरपणे मांडली. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु महानगरातील, इंग्रजी जाणणाऱ्या, प्रतिष्ठित कुटुंबातील स्त्रीला हे नाव घेऊन जे तेज लाभते, ते भीलवाड्याच्या खेड्यातील विधवेला लाभण्यासारखे नाही. नाव तिच्या हाती नाही.

येथे भाषांतरकाराची जबाबदारी मोठी आहे. विक्काला मराठीत ‘चेटूकविद्या’ म्हटले की एका निरुपद्रवी उपासनेवर करणी, मूठ आणि भानामती यांचे ओझे पडते. ‘विक्का’ हा शब्द तसाच ठेवावा; भाषेने याहून अवघड शब्द पचविले आहेत. उलट दिशेने होणारी चूक मात्र अधिक घातक आहे. परदेशी पुस्तके वाचून काही लेखक म्हणू लागले आहेत की, आपल्या डाकिणीही मातृदेवतेच्या प्राचीन पंथाच्या पुजारिणी, वनौषधींच्या जाणकार होत्या आणि पुरुषसत्तेने त्यांना दडपले. काही सुइणी व वैदूंच्या बायका आरोपात सापडल्या हे खरे. पण सरसकट असे म्हणणे म्हणजे मरे यांची चूक मराठीत आणणे होय. जी बाई सांगते की तिला कोणतीच विद्या येत नाही, तिच्या गळ्यात गौरवाने का होईना तीच विद्या बांधणारा हा लेखक भोप्याहून फारसा वेगळा वागत नाही.

कायद्यांनी या बाबतीत लेखकांपेक्षा अधिक विवेक दाखविला आहे. बिहारने १९९९ साली पहिला स्वतंत्र कायदा केला. झारखंड, छत्तीसगड, ओरिसा मागून आले. राजस्थानचा डायन छळ प्रतिबंधक कायदा २०१५ चा. त्यात डायन कोण, हे सांगताना ती काय करते याचे वर्णन नाही. तिच्या ठायी दुष्ट शक्ती आहे असे लोक मानतात, एवढेच आहे. छळासाठी एक ते पाच वर्षांची कैद आहे, आणि डायन उतरविणारा मांत्रिकही शिक्षेस पात्र आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांतून आला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटविते, असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हा त्याच्या अनुसूचीत स्पष्ट गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. कोणाला शारीरिक वा आर्थिक इजा न करणाऱ्या पूजाअर्चेला तो हात लावीत नाही. त्यामुळे पुण्यामुंबईत कोणी पौर्णिमेला वर्तुळ आखून चंद्राची पूजा केली तर त्याला या कायद्याची भीती असण्याचे कारण दिसत नाही.

दाणे पाहणारा भोपा आपल्याला शक्ती आहे असे सांगतो, आणि गाव त्याला नारळ देते. बाई शक्ती नाही म्हणते आणि गाव तिला काठी देते. आता त्या दोघांत पोलीस ठाणे आले आहे. तक्रार लिहून घेणारा हवालदार पुष्कळदा त्याच मुलखातला असतो, साक्षीदार तिच्याच भावकीतले असतात, आणि खटल्याचा निकाल तिच्या बाजूने लागला तरी दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी तिला त्याच विहिरीवर जावे लागते.